नागपूरहून सहा गाड्या घेऊन कुंझुम ओलांडायचा आहे: आधी दिशा बदला, टायरचं मग बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचे सतरा जण, सहा गाड्या: दोन डिझेल थार, एक स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, एक फॉर्च्युनर, एक जिम्नी आणि एक क्रेटा. सप्टेंबरच्या अखेरीस निघून दहा दिवसांत हिमाचलमधलं मनाली, कुंझुमची खिंड, स्पितीतलं काझा आणि किन्नौरमार्गे परत. विचारलंय ते इतकंच की टायर कोणते घालू, गाडीची उंची वाढवून (उचलून) घेऊ का आणि विंच, म्हणजे बंपरवरचं गाडी ओढायचं यंत्र, लागेल का.

टायरबद्दल शेवटी सांगतो, पण भाऊ, तुमची खरी अडचण टायर नाही. तुमचा आराखडा उलटा आहे आणि दिवस कमी आहेत. मनालीची उंची सुमारे २,०५० मीटर, काझाची सुमारे ३,६५०. मध्ये कुंझुम ला ही खिंड, साधारण ४,५५० मीटर. म्हणजे ३१० मीटरवर राहणारी सतरा माणसं एका दिवसात दीड हजार मीटर उंच जाऊन झोपणार. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. तो मोडला की सतरातले चार-पाच जण काझाला डोकं धरून बसतील. त्यातला एखादा गाडी चालवणारा असला, तर दुसऱ्या दिवशी अख्खा ताफा अडकला म्हणून समजा.

म्हणून किन्नौरकडून आत शिरा आणि कुंझुमवरून बाहेर पडा. नागपूर ते चंदीगड साधारण १,३०० किलोमीटर, दोन पूर्ण दिवस. पहिला मुक्काम ग्वाल्हेर किंवा आग्रा, दुसरा चंदीगड. तिसरा नारकंडा (२,७०० मीटर), चौथा कल्पा (२,९६०), पाचव्या दिवशी नाकोला जेवून खाली ताबोला मुक्काम (३,२८०), सहाव्या दिवशी काझा. सातवा दिवसही काझालाच. दिवसा लांग्झा, हिक्किम, कोमिक बघून या. ही गावं ४,४०० मीटरच्या आसपास आहेत. वर जाऊन यायचं आणि झोपायला खाली यायचं, यानं शरीर चांगलं तयार होतं. आठव्या दिवशी कुंझुम ओलांडून चंद्रताल (४,२५०), नवव्या दिवशी बातल, छतरू, ग्राम्फूवरून कोकसर आणि अटल बोगद्यातून मनाली. परतीला तीन दिवस. दोन दिवस राखीव. हे चौदा होतात. दहा दिवसांत बसवायचंच असेल तर स्पिती सोडा, कल्पापर्यंत जाऊन या, तोही सुंदर प्रवास आहे. नाहीतर गाड्या दोन-दोन चालकांनी चंदीगडला पोचवायच्या आणि बाकीच्यांनी रेल्वेनं यायचं. राखीव दिवस कापून मात्र दहा करू नका.

या दिशेचा तोटाही सांगायला हवा. सगळ्यात खडबडीत पट्टा, म्हणजे कुंझुमच्या पलीकडचा उतार आणि बातल ते ग्राम्फू, सगळे थकलेले असताना शेवटी येतो. आणि बर्फ पडून कुंझुम बंद झाला, तर आल्या वाटेनं पूर्ण किन्नौर परत उतरावं लागतं. ते दोन राखीव दिवस याच्यासाठीच आहेत. तरीही मी हीच दिशा सांगेन, कारण रस्ता बंद असेल तर माघारी फिरता येतं, आणि आजारी माणसाला घेऊन खिंड ओलांडणं फार वाईट.

महिना तुम्ही चांगला निवडलाय. मे महिन्याच्या सुट्टीत कुंझुम बहुतेक वर्षी बर्फाखाली असतो, जून-जुलैत वितळणाऱ्या बर्फानं नाले फुगतात, जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरकडे दरडी कोसळतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाणी उतरतं आणि आकाश मोकळं होतं. दसऱ्याच्या सुट्टीत जमत असेल आणि दसरा त्या वर्षी लवकर असेल तर उत्तमच. दिवाळीपर्यंत थांबू नका.

तब्येतीसाठी एक माणूस नेमा, आणि तो ताफ्याचा म्होरक्या नसावा. म्होरक्याला पुढे जायची घाई असतेच. रोज संध्याकाळी प्रत्येकाला चार गोष्टी विचारायच्या: डोकं दुखतंय का, मळमळतंय का, जेवण गेलं का, झोप लागली का. डोकेदुखी आणि सोबत आणखी एखादी तक्रार असेल तर तो माणूस दुसऱ्या दिवशी वर जाणार नाही. पावलाला पाऊल जोडून सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर त्याच क्षणी, रात्र असली तरी, खाली उतरवायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर काझाला ऐंशीच्या घरातले आकडे दिसतात, ते पाहून घाबरू नका, आणि आकडा चांगला आहे म्हणून लक्षणांकडे डोळेझाकही करू नका. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. काझाच्या पहिल्या दोन रात्री दारू नको.

आता गाड्या. ४,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के उरतो. जिम्नीचं इंजिन टर्बो नसलेलं आहे, त्यामुळे तिची ताकद ढोबळमानानं ४० टक्क्यांनी घटते. टर्बो गाड्यांना वाटतं आपल्याला काही होणार नाही. पण टर्बो फिरायला लागेपर्यंत तेही इंजिन तितकंच दुबळं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी गाडी चढावर, गोट्यांत, पहिल्या गिअरमध्ये उभी असते. मग चालक अर्धा क्लच दाबून एक्सलेटर देतो, दोन मिनिटांत जळका वास येतो आणि क्लच प्लेट गेली. काझा-मनाली पट्ट्यात क्लच प्लेट बदलून मिळणार नाही. फोर बाय फोरवाल्यांनी अशा जागी आधीच थांबून फोर-लो, म्हणजे कमी वेगाची, जास्त जोराची फोर बाय फोर, घालायचा, पहिला किंवा दुसरा गिअर टाकायचा आणि क्लचवरून पाय पूर्ण काढायचा. फोर-लो म्हणजे चिखलात रुतल्यावरचा शेवटचा उपाय, असा समज आपल्याकडे आहे. डोंगरात त्याचा जास्त उपयोग क्लच वाचवायला आणि उतारावर ब्रेक वाचवायला होतो. मात्र कोरड्या डांबरावर थार, जिम्नी, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ यांपैकी कुणीही फोर बाय फोर लावून वळणं घेऊ नका. पुढची-मागची चाकं एकमेकांशी बांधलेली असतात, ताण निघायला जागा नसते आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) ओरडते.

क्रेटाबद्दल स्पष्ट बोलतो. सप्टेंबरअखेर, पाणी कमी असताना, ती निघून जाऊ शकते. पण ती पुढच्या चाकांवर चालते, चढावर भार मागे सरकतो, पुढची चाकं भुसभुशीत खडीत नुसती फिरतात. शिवाय पोटाखाली खरी जाड पत्र्याची सम्प गार्ड नसेल तर एक गोटा ऑइल सम्प फोडायला पुरे. माझा सल्ला असा की क्रेटा घरी ठेवा. सतरा माणसं पाच गाड्यांत बसतात, जिम्नीत तीन. न्यायचीच असेल तर तीत दोनच माणसं, सामान दुसऱ्या गाड्यांत, आणि जागा ताफ्यात दुसरी.

क्रम मुद्दाम लावायचा असतो. पहिली गाडी स्कॉर्पिओ, कारण तिच्या चालकानं वाट निवडायची. दुसरी सगळ्यात अशक्त, म्हणजे क्रेटा. पहिलीनं कुठून चाक नेलं ते तिला समोर दिसतं. तिसरी थार, तिच्यात दोर. मग जिम्नी, फॉर्च्युनर आणि शेवटी दुसरी थार, तिच्यात अवजारं, कॉम्प्रेसर आणि औषधांची पेटी. शेवटच्या गाडीला ओलांडून कुणी मागे राहायचं नाही. फोटो काढायला थांबायचं असेल तर सगळे थांबतील. आणि मुख्य नियम: प्रत्येक चालक मागच्या गाडीला जबाबदार. आरशात मागची गाडी दिसली नाही की वेग कमी, तरी दिसली नाही की थांबा. फाट्यावर मागची गाडी तुम्हाला बघेपर्यंत हलायचं नाही. म्हणजे शेवटची गाडी पंक्चर झाली तर निरोप आपोआप पुढे सरकत पहिलीपर्यंत पोचतो, वायरलेस असो वा नसो. वायरलेस सेट घ्याल ते परवान्याविना चालणाऱ्या ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले, कमी ताकदीचे घ्या. कुंझुमआधीचं शेवटचं गाव लोसर सुटलं की कोकसरपर्यंत मोबाइलच्या भरवशावर काही ठरवू नका.

अंतराची एक गोष्ट नवख्या ताफ्यांना कळत नाही. सहा गाड्या बंपरला बंपर लावून एकाच अरुंद कड्यावर घुसल्या आणि समोरून बस आली, तर सहाही गाड्यांना रिव्हर्स घ्यावा लागतो, आणि सहावी आधी हलल्याशिवाय पहिली हलू शकत नाही. म्हणून अरुंद टप्प्यात एक गाडी पलीकडच्या रुंद जागेत पोचली की मगच पुढची सोडा. चढणाऱ्या गाडीला वाट आधी द्यायची, मग ती कुणाचीही असो.

नाल्यांकडे वळू. वितळलेल्या बर्फाचं पाणी दुपारी वाढतं आणि पहाटे सगळ्यात कमी असतं. चंद्रतालहून उजाडताच निघा आणि ग्राम्फूपर्यंतचे नाले शक्यतो अकराच्या आत उरका. नाल्यासमोर आलात की सगळ्यांनी थांबायचं. काठी घेऊन खोली बघायची. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर माणसानं उतरायचं नाही, कारण तेवढं पाणी माणसाला सहज पाडतं. पाणी जिथे पसरट आणि खळखळतं तिथे उथळ, जिथे शांत आणि गडद तिथे खड्डा. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी हे सगळ्यांसाठी सुरक्षित माप धरा. फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, चालण्याच्या वेगानं, मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, थांबायचं नाही. पाण्यात एका वेळी एकच गाडी, आणि पलीकडे गेलेली पहिली गाडी नाल्याकडे तोंड करून, थारमधून आधीच घेतलेला दोर लावून तयार. पलीकडे गेल्यावर चालता चालता दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून तो वाळवून घ्या.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इथेच सगळ्यात महाग चूक होते. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टरचा डबा उघडा, फिल्टर हातात घेऊन बघा. कोरडा असेल तर स्टार्टर मारा. ओला असेल तर गाडी टोचन करून न्यायची, विषय संपला.

विंच लागणार नाही. सहा गाड्यांच्या ताफ्यात विंच म्हणजे पुढच्या ॲक्सलवर कायमचं जादा वजन. त्याऐवजी नऊ मीटरचा एक ताणला जाणारा दोर घ्या, आठ टन तुटभाराचा, आणि ४.७५ टनांचे चार शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या). दोर कशाला बांधता याकडे जास्त लक्ष द्या. बंपरमध्ये आट्यांनी बसणारा जो हूक गाडीसोबत मिळतो तो सरळ, हळू ओढण्यासाठी आहे, झटका देण्यासाठी नाही. ट्रेलरवर गाडी बांधायच्या खालच्या कड्या तर अजिबात नाहीत. टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, दोर कधीच अडकवायचा नाही. तो गोळा तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा येतो. दोन पट्टे शॅकलनं जोडायचे नाहीत, त्याच कारणासाठी. दोराच्या मध्यावर जाड चादर किंवा ओलं पोतं टाका, आणि बघणाऱ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करा. ओढण्याआधी मात्र फावडं: चाकांसमोरची खडी काढून, हवा कमी करून, दोन रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या) खाली सरकवून बघा. बहुतेक गाड्या एवढ्यानंच निघतात. जॅकखाली ठेवायला एक फूट बाय एक फूट, दीड-दोन इंच जाडीची फळी प्रत्येक गाडीत हवी, नाहीतर जॅक खडीत रुततो आणि गाडी जागची हलत नाही.

नागपूरच्या गाड्यांची म्हणून काही तयारी असते. आपल्याकडे उन्हाळाभर रेडिएटरमध्ये बाटलीतलं पाणी ओतायची सवय आहे, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत कूलंट पातळ झालेलं असतं. चंद्रतालला रात्री पारा शून्याखाली जातो. पूर्ण कूलंट काढून अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर भरा. ते उणे ३० च्या खालीही गोठत नाही. काच धुण्याच्या टाकीतलं पाणीही बदला. बॅटरीला आपलं ऊन मारतं आणि ती मरते थंडीत: मे महिन्यात अर्धमेली झालेली बॅटरी नागपुरात सकाळी आरामात स्टार्ट देते, चंद्रतालला देत नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर लोड टेस्ट करून घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट-४ ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, ओल शिरल्यावर तोच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि मग लांब उतारावर पेडल अचानक स्पंजासारखं होतं. दोन वर्षं झाली असतील तर बदला. मुक्कामाला हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओला असेल तर गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, आणि बोनेटचं तोंड पूर्वेला. बीएस-६ डिझेलवाल्यांनी हळू चालण्याच्या दिवसांत डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा पेटला तर घाबरू नका, पण तो पेटलेला असताना तासन् तास रिकामं इंजिन चालू ठेवू नका.

इंधनासाठी छतावर कॅन बांधायची गरज नाही. काझा ते मनाली सुमारे २०० किलोमीटर, चंद्रतालचा फाटा येऊन-जाऊन २८. पहिल्या-दुसऱ्या गिअरमुळे ॲव्हरेज निम्मं धरलं तरी ३५-४० लिटरमध्ये भागतं. काझाला पोचल्या संध्याकाळीच सगळ्या टाक्या फुल करा, निघायच्या सकाळी नाही. पंपावरचा साठा संपला असेल तर हातात एक दिवस राहतो. छतावरचं वजन तिरप्या रस्त्यावर गाडी कलंडायला मदत करतं, तेव्हा वर फक्त हलकं सामान. गाडी उचलूनही घेऊ नका, कारण तेच.

कुंझुमला निघायचं की नाही, हे लोसरला ठरवायचं. पलीकडून आलेल्या ट्रक किंवा बसच्या चालकाला विचारा की नाला किती आहे, वर बर्फ आहे का. रात्री बर्फ पडला असेल आणि पलीकडून एकही गाडी आली नसेल तर काझाला परत. हा निर्णय एकाच माणसाचा आणि तो आधीच मान्य केलेला असावा. तिथे उभं राहून सतरा जणांत मतदान करू नका.

राहता राहिले टायर. कंपनीच्या मापाचेच ऑल-टेरेन टायर पुरेत, चिखलासाठीचे जाड नक्षीचे नको. काळ्या मातीच्या पांदणीत ते उपयोगी पडतात. स्पितीत माती नाही, धारदार दगड आहे, आणि तिथे टायर बाजूनं फाटतो. म्हणून मोठी नक्षी शोधण्यापेक्षा मजबूत बाजू शोधा. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. पाच वर्षांच्या पुढचा टायर नेऊ नका, नक्षी कितीही उरलेली असो. बाजूचा काप पंक्चरच्या वातीनं बुजत नाही.

हवेचं गणित समजून घ्या, कारण इथे गेज फसवतो. नागपुरात ३२ अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर कुंझुमवर गेला की बाहेरचा दाब घटल्यामुळे गेजवर जवळपास ६ पीएसआय वाढतात, आणि पारा ५ अंशांवर आल्यामुळे ४ कमी होतात. गेज ३५ दाखवतो. ऊन पडून टायर तापला की ३८-३९. म्हणून काझाला सकाळी, टायर थंड असताना, सगळ्यांची हवा एकाच गेजनं मोजा आणि खडकाळ पट्ट्यासाठी २४ वर आणा. टायर दगडावर बसतो, उडत नाही. क्रेटाला २६-२८, तिचे टायर बुटके आहेत. आता उलटं गणित: कुंझुमवर गेज २४ दाखवत असेल तर चंदीगडच्या उन्हात त्याचे २१ होतात. सामानानं भरलेली गाडी २१ पीएसआयवर शंभरच्या वेगानं पळवली की टायरच्या बाजू तापून फुटतात. कोकसरला पक्का रस्ता लागला की कॉम्प्रेसर काढा, हवा पूर्ववत करा, आणि चंदीगडला पुन्हा मोजा. एका कॉम्प्रेसरवर चोवीस टायर म्हणजे दोन तास जातात, तेव्हा दोन न्या.

आणि निघायच्या आधीच्या रविवारी सगळ्या गाड्या प्रवासाच्याच सामानानं भरून परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून-उतरून या, उतार फक्त गिअरवर. दोर एकदा बांधून, सोडून बघा. ज्यांची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली आहे त्यांनी ती घरासमोरच, सामान भरलेलं असताना, खाली उतरवून बघा. साखळीची यंत्रणा चिखलानं जाम झालेली असते आणि पाना नेमका सामानाच्या तळाशी गेलेला असतो.